ओटीपी न येताच कार्डावरून पैसे गेले, ते परत मिळेपर्यंतची सगळी हकीकत

माझ्या क्रेडिट कार्डाचा नंबर वापरून कोणीतरी परदेशातल्या वेबसाइटवर खरेदी केली होती. ते पैसे परत मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते तारखांसकट लिहितेय, कारण माझ्यावर वेळ आली तेव्हा जिथे बघावं तिथे "ओटीपी कोणाला देऊ नका" एवढाच सल्ला मिळत होता. मी ओटीपी दिलाच नव्हता, कोणी मागितलाच नव्हता. अशा वेळी माणसाने करायचं काय, हे नीट क्रमाने कुठे सापडेना.

१५ ऑगस्ट २०२४, सुट्टीचा दिवस. सकाळी उठून फोन बघितला तर बँकेचे तीन मेसेज, पहाटे दोननंतरचे, एकापाठोपाठ एक. पहिला एक डॉलरचा, मग २४९ डॉलर, मग ३८९ डॉलर. दुकानाच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. रुपयात धरलं तर ५३ हजारांच्या वर. कार्ड पर्समध्येच होतं, नवऱ्याला उठवून विचारलं, "तू काही घेतलंस का रे रात्री?" तो अर्धवट झोपेत म्हणाला "कसलं?" आणि मेसेज बघून ताडकन उठून बसला. माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला होता.

तो एक डॉलरचा व्यवहार बघितला ना, तो लक्षात ठेवा. चोरलेला नंबर चालू आहे का हे बघायला आधी अशी किरकोळ रक्कम टाकतात, ती गेली की मग मोठी. त्यामुळे अनोळखी नावाने ८०-९० रुपये जरी कापले गेले तरी "जाऊ दे, कसलं तरी असेल" म्हणून सोडू नका, त्याच मिनिटाला कार्ड बंद करा.

मी पहिलं काम ते केलं. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड तात्पुरतं लॉक करायची सोय असते, ती दाबली, मग फोन लावला. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा, गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर भरपूर असतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्यात सापडतो. फोनवरच्या मुलाने कार्ड कायमचं ब्लॉक केलं आणि प्रश्न सुरू केले, ओटीपी शेअर केला होता का, कुठली लिंक उघडली का, फोनमध्ये कोणी ॲप टाकायला सांगितलं होतं का. सगळ्याला नाही. मग म्हणाला,

"मॅडम, हे व्यवहार अजून पेंडिंग दिसतायत. सेटल झाले की डिस्प्यूट टाकता येईल, दोन-तीन दिवसांनी फोन करा."

इथे बरेच जण बरं म्हणून फोन ठेवतात आणि नेमकं इथेच ठेवायचा नाही. डिस्प्यूटचा, म्हणजे व्यवहारावर हरकत घ्यायचा, फॉर्म ते व्यवहार सेटल झाल्यावर, म्हणजे पैसे दुकानदाराकडे पक्के गेल्यावर घेतील, ठीक आहे, पण "हे व्यवहार मी केलेले नाहीत" ही तक्रार आजच नोंदवून घ्यायला बँक बांधील आहे, आणि सगळं गणित या तारखेवरच चालतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याची जबाबदारी किती यावर. त्यात असं आहे की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गडबड झालीय, आणि ग्राहकाने मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवस लागले तर काही रक्कम आपल्या माथी येऊ शकते, क्रेडिट कार्डाचं लिमिट पाच लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १० हजार आणि त्यावर असेल तर २५ हजार. सात दिवसांच्या पुढे गेलात तर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं. (मेसेज मिळाला तो दिवस यात धरत नाहीत आणि बँकेच्या सुट्ट्याही धरत नाहीत, पण त्या भरवशावर कशाला राहायचं.) बँकेच्या बाजूनेच हलगर्जी झाली असेल तर मात्र तुम्ही कधी कळवलं याला महत्त्व नाही. आणि उलट आपणच ओटीपी किंवा पिन कोणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

हे सगळं मला त्या क्षणी पाठ नव्हतं, नवरा बाजूला बसून फोनवर वाचून दाखवत होता. मी फक्त एकच धरून बसले, "मला तक्रार क्रमांक द्या, आत्ता." सिनियरशी बोलायला दिलं, त्यांनी क्रमांक दिला, मेसेजही आला. त्याचा स्क्रीनशॉट, आधीच्या तीन मेसेजचे स्क्रीनशॉट, सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं.

लगेच बँकेला ईमेल केली. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करत बसावं लागतं, ईमेलला तारीख-वेळ असते. चार ओळी पुरतात: कार्डाचे शेवटचे चार आकडे, तीन व्यवहारांच्या रकमा आणि वेळा, "हे मी केलेले नाहीत, मला ओटीपी आलेला नाही, कार्ड माझ्याजवळ आहे", आणि फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक. पूर्ण कार्ड नंबर ईमेलमध्ये लिहू नका, बँकेलाही नको.

मग १९३०. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. बराच वेळ लाइन लागली नाही म्हणून मी तोवर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला घेतली. तिथे आर्थिक फसवणुकीचा वेगळा विभाग आहे, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, बँकेचं नाव असं सगळं मागतात आणि पुरावा म्हणून फाइल जोडावी लागते, तेव्हा बसण्याआधी स्क्रीनशॉट तयार ठेवा. शेवटी पोचक्रमांक येतो. हा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, बरं का. ती तक्रार पुढे आपल्या भागातल्या पोलिसांकडे जाते आणि एफआयआर व्हायची की नाही ते तिथे ठरतं. पैसे देशातल्याच एखाद्या खात्यात गेले असतील तर १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली जायची शक्यता जास्त. माझे परदेशात गेलेले, त्यामुळे तिथून पैसे अडतील अशी आशा कमीच होती, पण बँकेने नंतर हाच पोचक्रमांक मागितला.

आता ओटीपी का आला नाही. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे, पण ती सक्ती इथल्या दुकानदारांना. परदेशातल्या कित्येक साइट नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे घेतात, काही तर सीव्हीव्हीही विचारत नाहीत. मी जून महिन्यात एका परदेशी साइटवरून कामाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं म्हणून बँकेच्या ॲपमधलं कार्डाचं इंटरनॅशनल बटण, म्हणजे परदेशी व्यवहार चालू-बंद करायचं, चालू होतं. नंबर जायचे रस्ते अनेक असतात. एखाद्या साइटच्या पेमेंटच्या पानात चोर आपला कोड घुसवून ठेवतात आणि आपण टाइप केलेलं सगळं त्यांच्याकडे जातं, साइट अगदी खरी असते, कुलपाचं चिन्हही असतं, आपल्याला काही कळायचा प्रश्नच नाही. किंवा साइटने साठवून ठेवलेले नंबर फुटतात. किंवा नुसते आकडे जुळवून बघतात, कारण सुरुवातीचे आकडे बँकेनुसार ठरलेले असतात आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून हिशोबाने काढता येतो. मी हे मुद्दाम लिहितेय कारण घरात-ऑफिसात सगळ्यांचा पहिला प्रश्न "तू कुठे क्लिक केलं होतंस?" हाच होता, आणि दोन दिवस तेच ऐकून माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. तसं करू नका, काहीही न करता असं होऊ शकतं.

व्यवहार सेटल झाल्यावर १९ तारखेला शाखेत जाऊन डिस्प्यूट फॉर्म दिला. या फॉर्मबद्दल जरा थांबून सांगते. त्यात कारणांच्या चौकटी असतात: व्यवहार केला पण वस्तू मिळाली नाही, एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले, वस्तू परत केली पण पैसे आले नाहीत, आणि एक "हा व्यवहार मी केलेला नाही, कोणाला करायला परवानगीही दिलेली नाही". खूण फक्त या शेवटच्या चौकटीत करायची. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "वस्तू नाही ना मिळाली, मग ती पण टिक करा," मी नाही केली. वस्तू मिळाली नाही म्हटलं की व्यवहार आपणच केला असं मान्य होतं, मग ते प्रकरण दुकानदाराशी असलेल्या भांडणासारखं चालतं आणि आपल्याकडे ऑर्डरचे पुरावे मागतात. तीनही व्यवहार वेगवेगळ्या ओळीत लिहा, तो एक डॉलरवालासुद्धा. सही बँकेत असलेल्या सहीशी जुळायला हवी, नाहीतर फॉर्म परत येतो. माझी कॉलेजच्या वेळची सही तिथे होती, ती आठवून करावी लागली. फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख मारून घेतली.

पोलीस स्टेशनलाही जाऊन आले, कारण बँकेच्या यादीत "पोलीस तक्रारीची प्रत" असं होतं. तिथल्या हवालदारांनी पोर्टलचा पोचक्रमांक बघितला, अर्ज लिहून घेतला आणि प्रतीवर शिक्का दिला, बँकेने तेवढं चालवून घेतलं. अर्जात रकमा रुपयात आणि डॉलरमध्ये दोन्ही लिहा, स्टेटमेंटवरचा आकडा आणि मेसेजमधला आकडा थोडा वेगळा असतो आणि त्यावरून उगाच प्रश्न निघतात.

यानंतर आलं २० तारखेचं स्टेटमेंट, आणि सगळ्यात जास्त टेन्शन मला त्याचंच आलं. ते ५३ हजार बिलात. भरायची शेवटची तारीख ८ सप्टेंबर. माझं बिल दर महिन्याला बचत खात्यातून आपोआप पूर्ण भरलं जातं, म्हणजे मी गप्प बसले असते तर चोराचं बिल माझ्याच खात्यातून गेलं असतं. हे कोणी सांगत नाही, तेव्हा तक्रार केल्याबरोबर ऑटो डेबिट बंद करा, शेवटच्या तारखेच्या आधी काही दिवस ते बदलता येत नाही. फोनवर एकजण म्हणाली की मॅडम तुम्ही पूर्ण भरून टाका, नंतर उलटं करून देतील. मी भरलं नाही. माझी स्वतःची खरेदी होती तेवढी रक्कम मोजून भरली आणि त्याच दिवशी ईमेल केली की वादातले तीन व्यवहार सोडून बाकीचं बिल भरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डांच्या निर्देशांत स्पष्ट आहे की फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कसलंही शुल्क लावता येत नाही. ती ओळ मी ईमेलमध्ये तशीच घातली.

२०१७ च्या त्याच परिपत्रकात आणखी एक आहे, कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची, तीसुद्धा व्यवहाराच्या तारखेपासून धरून, म्हणजे व्याजाचा प्रश्न राहत नाही. आणि ९० दिवसांच्या आत तक्रार निकालात काढायची. ऑगस्टच्या शेवटाला बँकेचं उत्तर आलं ते मात्र असं की व्यवहारात कार्डाची माहिती बरोबर टाकलेली आहे, सबब व्यवहार वैध आहे. वाचून रडूच फुटलं मला. रात्री झोप नाही, सारखं वाटायचं की आता हे माझ्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की ते ठरावीक छापाचं उत्तर आहे, माझी केस कोणी उघडूनही बघितली नसणार.

बँकेच्या वेबसाइटवर तक्रारीच्या पायऱ्या दिलेल्या असतात, त्यात वरची पायरी नोडल ऑफिसरची, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या बँकेच्याच वरच्या अधिकाऱ्याची. त्यांना लिहिलं. रागाने नाही, मुद्द्याने: चोराकडे माहिती बरोबर होती म्हणूनच तर ही चोरी आहे, ओटीपीसारखी कुठलीही खातरजमा झालेली नाही हे तुमच्याच नोंदीत दिसेल, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाप्रमाणे बँकेवर आहे, मी त्याच दिवशी कळवलंय, हा तक्रार क्रमांक, तात्पुरती जमा अजून झालेली नाही. ५ सप्टेंबरला तीनही रकमा कार्डावर जमा झालेल्या दिसल्या, पुढे "तात्पुरती" असं लिहून.

तात्पुरती म्हणजे तात्पुरतीच. या मधल्या काळात बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे ते पैसे परत मागते, चार्जबॅक म्हणतात त्याला, आणि दुकानदाराला आपली बाजू मांडायला मुदत असते. त्याने काही पटण्यासारखं दिलं तर जमा झालेली रक्कम पुन्हा आपल्या नावावर पडू शकते. म्हणून ते पैसे मिळाले असं समजून खर्चात धरू नका आणि फोल्डर डिलीट करू नका.

याच दिवसांत एक फोन आला. अगदी गोड मराठी, "मॅडम तुमच्या कार्डाचा रिफंड अडकलाय, एक छोटं ॲप टाका, मी करून देतो." एकदा लुटलेल्या माणसाला रिफंडच्या नावाने पुन्हा गाठायची ही ठरलेली पद्धत आहे. पैसे परत यायला आपल्याकडून ओटीपी, पिन, स्क्रीन शेअर यातलं काही लागत नाही. फोन ठेवला, नंबर पोर्टलवरच्या तक्रारीत जोडायला लिहून ठेवला.

मी पुढच्या पायरीचीही तयारी ठेवली होती. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर ऑनलाइन, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर अर्ज तिथल्या तिथे फेटाळला जातो, आणि अर्जाला मुदतही ठरलेली असते. माझ्यावर ती वेळ आली नाही. २९ ऑक्टोबरला ईमेल आली की चार्जबॅक मान्य झालाय आणि जमा कायम करण्यात येतेय.

आनंद झालाच, पण स्टेटमेंट ओळ न् ओळ तपासलं तेव्हा दिसलं की मूळ रक्कम आलीय, परदेशी चलनाचं मार्कअप शुल्क, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक वरून लावते ते, आलेलंच नाही. ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून दोन हजारांच्या वर, शिवाय नवीन कार्डाचे म्हणून १०० रुपये अधिक जीएसटी. ही शुल्कं वेगळ्या ओळीत लहान आकड्यांत येतात म्हणून नजरेतून सुटतात. पुन्हा ईमेल, पुन्हा जुना तक्रार क्रमांक, आणि डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये तेही उलटं होऊन आलं.

नवीन कार्ड आठवडाभरात आलं होतं पण जुन्या नंबरावर लावलेले हप्ते सगळे तुटले. विम्याचा हप्ता, इंटरनेटचं बिल, दोन सबस्क्रिप्शन्स. यादी करून एकेक परत जोडलं. विमा आधी बघा, बाकीचं थांबू शकतं.

आता कार्ड कसं वापरते ते सांगते. इंटरनॅशनल बटण कायम बंद, परदेशी साइटवर काही घ्यायचं असेल तर तेवढ्यापुरतं चालू आणि पैसे गेल्याबरोबर बंद. ऑनलाइन, इंटरनॅशनल, टॅप करून पैसे देणं, प्रत्येकाचं वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा ठेवायची सोय ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावीच लागते, बहुतेकांनी ती कधी उघडूनही बघितलेली नसते. ऑनलाइन खरेदीला कमी लिमिटचं एक वेगळं कार्ड घेतलंय, मोठ्या लिमिटचं कार्ड कुठल्याच साइटवर टाकत नाही. इथल्या दुकानदारांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आपला पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याच्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी वापरायचा बदली आकडा असतो, त्यामुळे नेहमीच्या भारतीय साइटवर कार्ड सेव्ह करायला मी आता घाबरत नाही, परदेशी साइटवर मात्र कधीच नाही. बँकेचे मेसेज आणि ईमेल दोन्ही चालू, आणि रात्री फोन सायलेंटवर टाकला तरी बँकेच्या मेसेजचा आवाज येईल असं सेटिंग केलंय.

क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे आपण कर्ज आणि कार्डाची बिलं वेळेवर भरतो का याची नोंद, डिसेंबरमध्ये काढून बघितला, ही नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सप्टेंबर महिन्यासमोर उशीर लागलाय का एवढंच बघायचं होतं, नव्हता लागला. तुमच्या रिपोर्टात तसा लागलेला दिसला तर क्रेडिट कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइनच करता येतो, त्याला बँकेची ती शेवटची ईमेल जोडा, आणि बँकेलाही वेगळं लिहा, कारण आकडा दुरुस्त करून पाठवायचा असतो तो बँकेनेच.